हाशिमोतोच्या सराईत एक रात्र



जपानला आम्ही गेलो ते कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा पाहायला. आणि लिहायला बसलो आहोत ते एका सराईविषयी, जिथे थांबण्याचा विचार आमच्या स्वप्नातही नव्हता. पुतळ्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. सराईविषयी कुणी लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

आम्ही दोघी जावा. सासर महाड तालुक्यातले, संसार वागळे इस्टेटच्या किसननगरात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्याची पहिली वसाहत म्हणजे आमची वागळे इस्टेट. तिथल्या भोंग्यांवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या उठल्या आणि झोपल्या. थोरलीने सव्वीस वर्षे औषधांच्या कंपनीत पॅकिंग केले. धाकटी डबे करते, अजूनही करते. रोड नंबर २२ वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. त्या रस्त्याने धाकटीने कितीतरी वर्षे डबे पोचवले, पण आपण कधी त्या रांगेत उभ्या राहू असे दोघींनाही वाटले नव्हते. थोरलीचा मुलगा (आम्ही ‘आमचा मुलगा’च म्हणतो, कारण वाढवला दोघींनी) डिप्लोमा करून ओसाकाजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याने आम्हांला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले.

तोवर आमचा जपान म्हणजे नागपूर. मूळ जपानचे आणि आता नागपूरचेच झालेले भदंत सुरई ससाई यांना आम्ही दीक्षाभूमीवर लांबून पाहिले होते. कामठीला १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे जपानी उपासिकेच्या दानातले बुद्धविहार पाहिले होते. मुंबईत वरळीला जपानी विहार आहे, तिथे एकदा बसून आलो होतो. तेवढेच.

कोयासान हा वाकायामा प्रांतातला डोंगर, सुमारे ८०० मीटर उंचीवरचा. इ. स. ८१६ मध्ये कूकाई नावाच्या भिक्खूने तिथे विहार वसवला आणि आज त्या डोंगरावर शंभरावर विहार आहेत. ओसाकाहून सकाळी जाऊन रात्री परत येता येते. आमचा बेत तोच होता. पण मुलाची अर्धी पाळी संपेस्तोवर दुपार झाली, गाडीत बसलो तेव्हा पाऊस लागला आणि हाशिमोतो येईपर्यंत बाहेरचे काही दिसेना. हाशिमोतो हे डोंगराच्या पायथ्याचे, कि नदीच्या काठचे गाव. तिथे गाडी थांबली ती थांबलीच. जपानमध्ये ठरलेल्या मापाच्या वर पाऊस पडला की डोंगरातल्या गाड्या बंद करतात. दरड कोसळण्याची वाट पाहत नाहीत. घंटाभराने परतीच्या बाजूच्या गाड्याही बंद झाल्या. दिवस मावळला होता. आमच्याजवळ एक छत्री, एक पिशवी, पिशवीत चार चपात्या आणि लसणाच्या सुक्या चटणीचा डबा.

“आता रात्र फलाटावर,” थोरली म्हणाली. तिला त्याचे काही वाटले नाही. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाताना अशा रात्री पुष्कळ काढल्या आहेत.

मुलगा खिडकीवरच्या माणसाशी बोलायला गेला. आम्ही लांबून पाहत होतो. त्या माणसाने आमच्याकडे एकदा पाहिले, फोन उचलला, तिकडे दोनतीनदा मान लववली (फोनवर समोरच्याला दिसत नसताना मान लववतात, याचे आम्हांला हसू आले), आणि एका कागदावर रस्ता काढून दिला. जवळच एक सराई आहे, एक खोली आहे, पण जेवणाची वेळ टळली आहे, घरात असेल ते मिळेल. चालेल का?

आपल्या वाचकांना मसूर स्टेशनची गोष्ट सांगायला नको. १९०१ साल. सुट्टीत वडिलांकडे कोरेगावला निघालेली ती चार मुले मसूरला उतरली, वडिलांचे माणूस घ्यायला आले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलत होता. “तुम्ही कोण?” असे विचारले आणि उत्तर ऐकून आपल्या खोलीत निघून गेला. मग दुप्पट भाड्यावर बैलगाडी, आणि रात्रभर घोटभर पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी ते सगळे लिहून ठेवले आहे. हाशिमोतोच्या फलाटावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले, तेव्हा दोघींच्या मनात तेच मसूर होते. बोललो मात्र नाही.

सराई म्हणजे लाकडी दुमजली घर. दाराशी कागदी कंदील, आत पिवळा उजेड. तिथल्या या सरायांना ‘ऱ्योकान’ म्हणतात. फार जुनी चाल आहे. यामानाशी प्रांतात इ. स. ७०५ पासून चालू असलेले एक ऱ्योकान आहे, जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून त्याची नोंद झाली आहे. आमचे एवढे जुने नव्हते. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, कपड्यांवर पांढरे एप्रन. अशा घराच्या मालकिणीला ‘ओकामी’ म्हणतात, आणि घराचा सगळा कारभार तिचाच असतो.

दारातून आत गेले की एक खोलगट ओटी, आणि तिच्यावर एक पायरी उंच घर. ओटीवर पायताण काढायचे आणि मोज्यांनिशी पायरी चढायची. आम्ही आमच्या ओल्या चपला काढल्या आणि सवयीने भिंतीकडे सरकवल्या. वर चढून मागे पाहतो तो ओकामीबाई गुडघ्यांवर बसून आमच्या चपला हातांनी उचलून एकेक जोड नीट लावत होत्या, टाचा घराकडे, बोटे दाराकडे, म्हणजे सकाळी निघताना वळावे लागू नये. चिखलाने भरलेल्या, ठाण्याच्या फूटपाथवर घेतलेल्या दीडशे रुपयांच्या चपला.

थोरली पटकन खाली उतरायला लागली. मुलाने धरले. “आई, राहू दे. इथे सगळ्यांच्याच लावतात.”

थोरलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या दोघींच्याच, सांगायच्या की खोतांच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. त्यांनी ते केले आहे. आमच्यापैकी कुणी केले नाही, आणि जपानमध्ये चपला सगळ्यांनीच काढायच्या असतात, श्रीमंताने आणि मंत्र्यानेही. त्यामुळे दोन गोष्टींची तुलना करू नये हे आम्हांला कळते. तरी ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही, हेही खरे.

मग वही आली. परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहून त्याची नक्कल ठेवावी असा तिथला नियम आहे. नाव, पत्ता लिहायचा. ओकामीबाईंना इंग्रजी अक्षरे नीट लागेनात, म्हणून त्यांनी मुलाला नावे मोठ्याने वाचायला सांगितली. जपानात आडनाव आधी आणि नाव मागून. हाक मारतात तीही आडनावाने आणि पुढे ‘सान’ लावून. आमचे आडनाव वाचले गेले तेव्हा आम्ही दोघी त्या बाईच्या तोंडाकडे पाहत होतो. ही वाईट सवय आहे, पण जायची नाही. ठाण्यात खोली पाहायला गेलो की घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि आडनावानंतर त्याच्या चेहऱ्यावर जी एक रेघ हलते ती आम्ही ओळखतो. १९८३ साली एका तीर्थाच्या गावी एस. टी. चुकली, धर्मशाळेच्या वहीत आडनाव सांगितले आणि दोन मिनिटांपूर्वी मोकळी असलेली खोली भरलेली निघाली. धाकटीचे लग्न होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. ती रात्र स्टँडवर काढली.

ओकामीबाईंनी आडनाव तीनदा घोकले, चुकीचे उच्चारले, आपल्या अक्षरांत लिहिले, पुढे ‘सान’ लावून हाक मारली आणि विचारले, मासे चालतात का?

सराईच्या वहीत नाव लिहिताना बाबासाहेबांचे बडोदे आठवल्याशिवाय आपल्या माणसाची सुटका नाही. १९१७ साली कोलंबियाचे शिक्षण घेऊन आलेला माणूस संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरतो आणि त्याला गावात राहायला जागा नाही. पारशांच्या सराईत पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन वरच्या मजल्यावर अडगळीत राहतो, उजेडाला एक कंदील. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला, आणि बाबासाहेब बागेत बसून राहिले, रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत. खोटे नाव लिहायची पाळी ज्याच्यावर आली त्याची मुले-नातवंडे आज खरे नाव लिहितात, हे वाक्य धाकटीने वहीपुढे बसून मनात म्हटले. तिला ते इथे लिहायचेच होते, म्हणून लिहिले.

खोली पाहून मात्र आम्हांला हसू फुटले. कारण ती आमचीच खोली होती! जपानात खोली चटयांवर मोजतात. गवताच्या जाड चटया, ‘तातामी’, सुमारे तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, जमिनीत बसवलेल्या. आमची खोली सहा चटयांची. हिशेब करा, एकशेआठ चौरस फूट. म्हणजे नऊ बाय बारा. किसननगरात आमची दोन्ही बिऱ्हाडे ज्या खोल्यांत वाढली त्याच मापाची. आत पलंग नाही, कपाट दिसत नाही, मध्ये एक बुटके टेबल आणि बसायला गाद्यांचे चौकोनी तुकडे. जेवायचे तिथेच, बसायचे तिथेच. जेवण झाले की टेबल कडेला सरकवायचे आणि भिंतीतल्या फडताळातून गाद्या काढून जमिनीवर घालायच्या. सकाळी पुन्हा गुंडाळून आत. हे सगळे आम्ही जन्मभर केले आहे आणि पाहुणे आले की त्याची लाजही वाटली आहे. इथे त्यालाच परंपरा म्हणतात आणि लोक पैसे मोजून येतात. फरक एवढाच, की आमच्या खोलीत नऊ माणसे होती आणि इथे तीन. एका कोनाड्यात कापडी चित्र टांगलेले, त्याखाली एकच फूल. बाकी भिंती रिकाम्या. मोकळ्या भिंतीला किती पैसे पडतात हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. माणशी ९,००० येन, दोन वेळच्या जेवणासह, म्हणजे आपले पाच हजार. मुलाने आधी सांगितले असते तर आम्ही फलाटावरच झोपलो असतो.

चटईवर चपलाच काय, घरात घालायच्या सपाताही चालत नाहीत. संडासाच्या सपाता आणखी वेगळ्या, तिथेच ठेवायच्या. धाकटी त्याच घालून खोलीपर्यंत आली आणि ओकामीबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. रात्री घालायला सुती झगा मिळतो, ‘युकाता’. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट केले तर ते मेलेल्या माणसाचे नेसणे. आम्ही दोघींनी ते उलटच केले होते. असो.

आता अंघोळीविषयी. भगिनींना हे वाचून संकोच वाटेल, पण लिहिले नाही तर लेख खोटा ठरेल. न्हाणीघर सगळ्यांचे मिळून एक, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मग गळ्यापर्यंत कढत पाण्याच्या हौदात बसायचे. पाणी दर माणसाला बदलत नाहीत. एकाच पाण्यात सगळे, एकामागून एक किंवा एकत्र. आणि अंगावर कपडा नाही. परकर नेसून उतरता येईल का, असे मुलाला विचारायला लावले (बिचारा लाल झाला), तर उत्तर आले की कापड पाण्यात चालत नाही, पाणी घाण होते. थोरली म्हणाली, “मग नको मला अंघोळ.” धाकटी म्हणाली, “अक्का, पावसाने हाडे गारठलीत. आपण दोघीच जाऊ, कुणी नसताना.”

रात्री दहाला गेलो. कुणी नव्हते. एकमेकींकडे पाठ करून धुतले, एकमेकींकडे पाठ करूनच पाण्यात उतरलो. आणि मग जे सुख लागले ते काय सांगावे! सव्वीस वर्षे पॅकिंगच्या टेबलाशी उभे राहिलेले गुडघे त्या पाण्यात सैल पडले. तेवढ्यात दार सरकले आणि एक जपानी आजीबाई आल्या, त्याही पावसाने अडकलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहून मान लववली, अंग धुतले आणि आमच्याच पाण्यात, हातभर अंतरावर, डोळे मिटून बसल्या. कुणी काही बोलले नाही. पाण्याला तर आमची भाषा येत नव्हती आणि त्यांचीही.

आमचे सासर महाडचे, हे वर सांगितलेच आहे. २० मार्च १९२७ ला आमचे आजेसासरे चवदार तळ्यावर होते.

जेवण खोलीतच आले. घरातले असेल ते, असे म्हणून ओकामीबाईंनी सात वाट्या मांडल्या. भात, भाजलेला मासा, मुळ्याचे लोणचे (आपल्यासारखे तिखट नाही, खारवलेले), शिजवलेला भोपळा, आणि स्पंजासारखे एक चौकोनी काहीतरी, ज्यातून चावताच रस सुटतो. ते ‘कोयादोफू’, सोयाबीनचे पनीर म्हणा, थंडीत गोठवून मग वाळवलेले, कोयासानच्याच नावाचे. भिक्खू मांसमच्छी खात नसत, त्यांच्या हिवाळ्यातल्या पोटापाण्याची ही सोय. शेवटी एका झाकणाच्या वाटीत सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठाचे सूप, ‘मिसो’. झाकण उघडले आणि दोघींनी एकदमच म्हटले, “सुकट!”

खरेच. त्या सुपाचा कस काढतात तो लहान सुकवलेल्या मासळीचा, उकळून वाळवलेली, आपल्या सुकटी-मोतळ्यांची बहीण. जपानात कुठल्याही घरच्या सकाळच्या सुपात ही नाहीतर तसलीच दुसरी सुकी मासळी असते. आमच्या धाकट्या नणंदेने घोडबंदर रोडला मोठ्या सोसायटीत भाड्याने घर घेतले, तेव्हा सुकट भाजल्यावरून शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. आता ती खिडक्या लावून, पंखा सुरू करून, माहेरी आल्यासारखी चोरून सुकट भाजते. इथे तोच वास लाखेच्या वाटीत झाकण घालून, मान लववून समोर ठेवला जातो. तिला फोटो पाठवला. तिचे उत्तर छापण्याजोगे नाही.

परत काय द्यावे? आम्ही चटणीचा डबा काढला. ओकामीबाईंनी काडीच्या टोकावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आले, “कराई, कराई” म्हणून तोंडाशी पदरासारखे एप्रन धरले आणि पुन्हा थोडी घेतली. ‘कराई’ म्हणजे तिखट. हा एक शब्द आम्हांला कायमचा आला.

त्या रात्री झोप लवकर लागली नाही. पाऊस कौलांवर वाजत होता. धाकटी म्हणाली, “या देशात आपल्यासारखे कुणी नाही, म्हणून हे असे सुखाचे.”

“आहेत, काकू,” मुलगा अंधारातून म्हणाला.

मग त्याने जे सांगितले ते आम्हांला नवे होते, आणि कदाचित काही वाचकांनाही असेल. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, फाशीच्या जागी राबणे ही कामे ज्यांच्या माथी मारली अशा जपान्यांच्या वेगळ्या वस्त्या होत्या. १८७१ साली सरकारने कायद्याने तो भेद काढला, पण लोकांनी नाही. त्यांना ‘बुराकुमिन’ म्हणतात, म्हणजे नुसते ‘वस्तीतले लोक’. चेहऱ्याने, भाषेने, धर्माने ते इतरांसारखेच. ओळखायचे ते पत्त्यावरून, गावावरून. १९७५ साली उघडकीला आले, की अशा वस्त्यांच्या नावा-पत्त्यांच्या याद्या छापून मोठमोठ्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला माणूस घेण्याआधी पडताळून पाहायला. लग्न जमवताना गुप्तहेर लावून मूळ गाव शोधणे हा प्रकारही होता. हा भेद अजून शिल्लक आहे हे मान्य करणारा कायदा जपानी संसदेने २०१६ साली केला.

मुलाच्या जपानी भाषेच्या शिक्षिकेने त्याला एका कादंबरीची गोष्ट सांगितली होती. शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’, १९०६ सालची. तिची सुरुवातच एका खाणावळीच्या घरातून एका माणसाला बाहेर काढण्यापासून होते. माणूस पैसेवाला आहे, आजारी आहे, पण तो ‘त्या’ वस्तीतला आहे असे कळते आणि बाकीचे बिऱ्हाडकरू ओरड करतात. तिथेच राहणारा एक तरुण शाळामास्तर हे पाहतो आणि दुसरीकडे बिऱ्हाड हलवतो, कारण तोही त्याच जातीचा आहे, लपवून राहिलेला. बडोद्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट, समुद्रापलीकडची. आम्ही दोघी अंथरुणावर उठून बसलो.

“आणि मग?” थोरलीने विचारले.

मग, मुलगा म्हणाला, ३ मार्च १९२२ ला क्योटोला या लोकांनी सभा भरवून ‘सुइहेइशा’ नावाची संघटना काढली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे एका विहारातल्या पुरोहिताचे चिरंजीव, आणि त्यांचे गाव गोसे, हे हाशिमोतोतूनच जाणाऱ्या दुसऱ्या रेल्वेवर आहे. तिथे या चळवळीचे संग्रहालय १९९८ साली उघडले. आपल्याकडे बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली १९२४ मध्ये, म्हणजे सुइहेइशा दोनच वर्षांनी थोरली. ज्या सराईत आम्ही निर्धास्त झोपणार होतो तिच्या पलीकडे थोड्या अंतरावर ‘जपानचे महाड’ आहे, हे आम्हांला अंधारात कळले. या फेरीत जाणे झाले नाही. ज्या कुणाला जायचे असेल त्याने एक दिवस त्यासाठी जरूर राखावा.

सरायांविषयी आणखी एक गोष्ट त्याच बोलण्यात निघाली. जपानात १९४८ सालचा सराई-कायदा आहे आणि त्यात मोजकी कारणे सोडून कुठल्याही पाहुण्याला नाकारता येत नाही. आपल्या राज्यघटनेतही पंधराव्या कलमात हॉटेलांचा उल्लेख नावानिशी आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला तिथे मज्जाव करता येत नाही. पण २००३ साली जपानात कुरोकावा या गरम झऱ्यांच्या गावी एका हॉटेलाने कुष्ठरोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना खोल्या नाकारल्या. कारण काय, तर इतर पाहुण्यांना न्हाणीघरात त्रास होईल. देशभर गाजले. सरकारने कारवाई केली, पुढच्या वर्षी हॉटेल बंद पडले. आणि त्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली म्हणून त्यांनाच शिव्यांची पत्रे आली. मघाचा हौद आणि त्या आजीबाई आम्हांला आठवल्या. कागदावर कलम असते, पाण्यात उतरणारे माणूस वेगळे असते.

सकाळी ऊन पडले होते. आठला गाडी सुरू झाली. न्याहरीत पुन्हा सूप, भात, मासा, आणि चिकट तारा सुटणारे सडक्या वासाचे सोयाबीन, ‘नात्तो’, जे आमच्या घशाखाली उतरले नाही. थोरलीने शंभर-शंभर येनची नाणी पुढे केली, ती ओकामीबाईंनी दोन्ही हातांनी परत दिली. बक्षिसी तिथे घेत नाहीत. चपला रात्री ठेवल्या तशाच होत्या, फक्त वाळल्या होत्या. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून कुणीतरी वाळवल्या होत्या. आम्ही गल्लीच्या वळणापर्यंत गेलो तरी बाई दारात वाकून उभ्या होत्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. हाशिमोतोनंतर कुदोयामा स्टेशन लागते, नावाचा अर्थ ‘नऊ वेळांचा डोंगर’. कूकाईची आई मुलाला भेटायला आली, पण वर बायकांना बंदी, म्हणून ती पायथ्याच्या विहारात राहिली आणि मुलगाच महिन्यातून नऊ वेळा खाली उतरायचा, अशी तिथली आख्यायिका. थोरलीने खिडकीतून त्या गावाकडे फार वेळ पाहिले. तिचा मुलगा शेजारीच बसला होता. वर डोंगरात शिरताना बसचा पहिला थांबा ‘न्योनिनदो’, म्हणजे बायकांचा मंडप. डोंगरावर जाणाऱ्या सात वाटांच्या तोंडाशी असे मंडप होते, त्यांतला हा एकच उरला. बायकांनी इथवर यायचे, इथेच रात्र काढायची, इथूनच हात जोडायचे. १८७२ साली सरकारने बंदी उठवली. डोंगराने ती प्रत्यक्षात सोडली ती विसाव्या शतकात. लहानशी लाकडी वास्तू आहे. आम्ही आत जाऊन बसलो, कारण ही पण एक सराईच होती, ज्यांना पुढे घेत नसत त्यांची.

मग विद्यापीठ. कोयासान विद्यापीठ १८८६ सालचे. तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण १० सप्टेंबर २०१५ ला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हते. झाडे ओली होती. त्रिशरण-पंचशील म्हटले, फुले वाहिली, मुलाने फोटो काढले. धाकटी म्हणाली, “बाबासाहेब, आम्ही काल खाली मुक्कामाला होतो. वहीत खरे नाव लिहिले.” हे ती मोठ्याने म्हणाली.

परतीच्या गाडीत संध्याकाळी हाशिमोतो आले. गाडी थोडी थांबते. गल्लीचे तोंड दिसले, घर दिसले नाही. तेव्हा धाकटीने पिशवी चाचपली आणि म्हणाली, “अक्का, चटणीचा डबा तिथेच राहिला.”

“राहू दे,” थोरली म्हणाली. “संपेपर्यंत खाईल बाई.”